पुढच्या पिढीचं देणं एकटीच्या नावावर नाही

“ताई, माझं वय ३४. लग्नाला सात वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी तांबी बसवली होती, तिची मुदत नुकतीच संपली. डॉक्टरांनी विचारलं, नवी बसवायची की आता मुलाचं बघताय? मी महिनाभर थांबा म्हणून सांगून आले. खरं सांगायचं तर मूल हवं असं मला आतून कधी वाटलेलं नाही. पण ‘नको’ असं ठामपणे म्हणायलाही जीभ रेटत नाही. सासरे भले आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. पण परवा म्हणाले, ‘शिकलेल्या, कमावत्या घरांनीच मुलं होऊ दिली नाहीत तर पुढचा समाज कोण घडवणार? समाजाचं काही देणं लागतो की नाही आपण?’ दुसरीकडे माझी जिवलग मैत्रीण म्हणते, ‘तापत चाललेल्या या पृथ्वीवर आणखी एक जीव आणणं हाच अपराध आहे.’ नवरा म्हणतो, ‘तुझं शरीर आहे, तू ठरव, माझी कशालाच ना नाही.’ धाकट्या बहिणीला दोन मुलं आहेत. तिनं नोकरी सोडली, तिची ओढाताण मी रोज फोनवर ऐकते. मूल झालं तरी मी चूक, नाही झालं तरी मी चूक. मी स्वार्थी आहे का?”

प्रिय मैत्रिणी,

नाही, तू स्वार्थी नाहीस. आणि आधी डॉक्टरांच्या प्रश्नाचं उरकून घेऊ, कारण तारखेचं दडपण डोक्यावर असताना धड विचार होत नाही. नवी तांबी बसवली म्हणजे आयुष्यभराचं ‘नको’ झालं, असं मुळीच नाही. प्रकाराप्रमाणे ती पाच किंवा दहा वर्षं चालते, पण सहा महिन्यांनी मन बदललं तर सहा महिन्यांनी काढता येते, आणि काढल्यावर दिवस राहण्याची क्षमता लगेच परत येते. मुदत संपलेल्या तांबीवर मात्र विसंबू नकोस, मधल्या काळात निरोध वापरा. तेव्हा हा महिना तुझ्या आईपणाचा निकाल लावणारा महिना नाही. ‘आत्ता लगेच दिवस राहायला नकोत’ एवढं जरी तुला पक्कं ठाऊक असेल, तरी डॉक्टरांना द्यायचं उत्तर तुझ्यापाशी आहे.

आता खरा गुंता.

सासरे म्हणतात मूल होऊ दे, मैत्रीण म्हणते होऊ देऊ नकोस. ऐकायला ही दोन टोकं. पण दोघांनीही समाजाचा, पृथ्वीचा, येणाऱ्या पिढ्यांचा सगळा प्रश्न आणून तुझ्या पोटाशी ठेवला आहे. तुला मूल हवंय का, हे त्यांच्यापैकी कुणीच विचारलेलं नाही. मूल हवं की नको हा तुझा प्रश्न आहे, फार तर तुमचा दोघांचा. पुढच्या पिढ्यांचं देणं हा सगळ्यांचा प्रश्न आहे: मुलं असणाऱ्यांचा, नसणाऱ्यांचा, पुरुषांचा, म्हाताऱ्यांचा, कारखानदारांचा, सरकारांचा. हे दोन प्रश्न एकमेकांना बांधले की काय होतं, याचा इतिहास फार वाईट आहे. तो तुला माहीत असायला हवा, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

रुमानियात १९६६ मध्ये निकोलाय चाउशेस्कू यांच्या सरकारनं ७७० क्रमांकाचा हुकूम काढला. देशाला माणसं हवी होती. चार मुलं झालेली नसतील तर, मोजके अपवाद सोडता, गर्भपात बंद झाला. गर्भनिरोधकं मिळेनाशी झाली. पुढे तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या तपासण्या होऊ लागल्या, कुणाला दिवस गेलेत आणि कुणी ते लपवतंय का हे बघायला. १९६७ साली जन्म जवळजवळ दुप्पट झाले. पण लवकरच चोरवाटा निघाल्या आणि जन्मदर पुन्हा उतरत गेला. रुमानियातलं मातामृत्यूंचं प्रमाण मात्र युरोपात सर्वांत जास्त होऊन बसलं. असुरक्षित गर्भपातांत गेलेल्या स्त्रियांचा अंदाज नऊ-दहा हजारांच्या घरात आहे. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुलं सरकारी अनाथालयांत होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील हयात होते. ज्या पुढच्या पिढीच्या नावानं हा हुकूम काढला, तिच्याच वाट्याला हे आलं. नव्या सरकारनं सत्तेवर येताच काही दिवसांत तो रद्द केला.

चीन उलट्या दिशेनं गेला. १९८० च्या सुमारास एक मूल धोरण आलं, आणि त्याबरोबर सक्तीच्या शस्त्रक्रिया, सक्तीचे गर्भपात, मुलगी नको म्हणून केलेले गर्भपात. २०१६ पासून दोन मुलांची मुभा मिळाली, २०२१ मध्ये तीन मुलांची. आता तेच सरकार तरुण जोडप्यांची मनधरणी करतंय, कारण २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटू लागली आहे. भारतात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. त्या सक्तीचा लोकांनी असा धसका घेतला की पुढे शस्त्रक्रियेचा सगळा भार बायकांवर सरकला, आणि तो अजून तिथंच आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही.

जास्त हवीत म्हणा की कमी हवीत म्हणा, आकडा गाठायला बाईचं शरीर वापरलं गेलं. म्हणूनच १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी एक गोष्ट मान्य केली: मुलं किती, कधी आणि किती अंतरानं, हे ठरवण्याचा हक्क जोडप्यांचा आणि व्यक्तींचा आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती व साधनं त्यांना मिळालीच पाहिजेत. ‘किती’मध्ये शून्यही येतं.

सासऱ्यांच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जन्मदर उतरल्यावर समाजापुढे खरे प्रश्न उभे राहतात. लोकसंख्या स्थिर राहायला दर स्त्रीमागे सरासरी सुमारे २.१ मुलं लागतात. दक्षिण कोरियात हा आकडा २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत खाली आला. तिथं शाळा बंद पडताहेत, म्हाताऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं वाढतंय, त्यांची काळजी कोण घेणार हा घोर खरा आहे. त्याच वेळी, जगाची एकूण लोकसंख्या अजून वाढतेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार ती या शतकाच्या ऐंशीच्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर पोहोचेल आणि मग उतरू लागेल. म्हणजे माणसांचा वंश तुझ्या होकारावाचून अडलेला नाही.

पण जन्मदराची काळजी ज्यांना खरोखर आहे, त्यांनी सर्वांत आधी कुठे बघायला हवं? संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं १४ देशांतल्या लोकांना विचारून २०२५ मध्ये अहवाल काढला. हवी तेवढी मुलं होऊ देता न येण्यामागे पैशाची अडचण आहे किंवा असेल, असं ३९ टक्के लोकांनी सांगितलं. बाकीच्यांच्या उत्तरांत घर होतं, नोकरीची अनिश्चितता होती, जोडीदाराची साथ नसणं होतं. याच संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ निम्म्या गर्भधारणा, वर्षाला सुमारे १२ कोटी १० लाख, न ठरवता झालेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. म्हणजे ज्यांना हवं त्यांना मिळत नाही, ज्यांना नको त्यांच्यावर लादलं जातं. हे सगळं तसंच ठेवून, ज्या बाईला नकोसं वाटतंय तिलाच गाठून ‘समाजाचं देणं’ सांगायचं, यात मला न्याय दिसत नाही.

आणि सासऱ्यांच्या त्या वाक्यात ‘शिकलेल्या, कमावत्या घरांनी’ हा भाग आहे ना, तो मला फार खुपला. ते भले गृहस्थ आहेत असं तू लिहितेस, आणि त्यांना यातलं काही अभिप्रेत नसेलही. पण चांगला समाज ठरावीक घरांतल्या मुलांमुळे घडतो आणि बाकीच्यांच्या मुलांमुळे बिघडतो, या कल्पनेनं विसाव्या शतकात भयंकर गोष्टी घडवल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ती ‘मंदबुद्धी’ आहे असं म्हटलं गेलं. प्रत्यक्षात ती गरीब होती आणि तिच्यावर बलात्कार झाला होता. स्वीडनसारख्या देशात १९३४ ते १९७५ या काळात सुमारे ६३ हजार लोकांची नसबंदी झाली, बहुतेक स्त्रियांची, त्यांतल्या कित्येकींची दबावाखाली. एका बाईला ‘तू जन्म दिलाच पाहिजेस’ आणि दुसरीला ‘तू देऊ नकोस’ ही दोन्ही वाक्यं एकाच विचारातून येतात. कोणाचं मूल समाजाला हवं आणि कोणाचं नको, हे ठरवण्याचा अधिकार कुणालाही नको.

मग पुढच्या पिढीचं देणं म्हणजे काय? मला ते अगदी खरं, वजनदार देणं वाटतं, आणि ते टाळणाऱ्यांची मला चीड येते. जन्माला येईल त्या प्रत्येक मुलाला श्वास घेता येईल अशी हवा, पोटभर अन्न, धड शाळा, आणि आजारी पडल्यावर दवाखाना मिळणं, हे ते देणं. ते कसं फेडलं जातं आणि कसं बुडवलं जातं, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९२० च्या दशकात मोटारींचं इंजिन नीट चालावं म्हणून पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवात झाली. शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. अमेरिकेत १९२५ मध्ये यावर सरकारी परिषद भरली, तेव्हा डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी याला उघड विरोध केला. कामगारांना होणाऱ्या विषबाधेचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता, आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या रस्त्यांवरून शिसं हवेत जात राहिलं, आणि ते सर्वांत जास्त इजा करतं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला. मोटारींसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथं ते २०२१ मध्ये थांबलं. जवळजवळ शंभर वर्षं! ज्या कंपन्यांनी हे पेट्रोल विकलं, ज्या अधिकाऱ्यांनी चालू दिलं, त्यांतल्या कितीतरी जणांना पोरंबाळं असणारच. पोटच्या मुलांमुळे माणूस आपोआप पुढच्या पिढीची काळजी करू लागतो, असं काही नाही. ॲलिस हॅमिल्टन यांनी लग्न केलं नाही, त्यांना मूल नव्हतं, आणि त्यांचं ऐकलं असतं तर कोट्यवधी मुलांची डोकी शाबूत राहिली असती.

आपल्या भाषेतलंच नाव घ्यायचं तर र. धों. कर्वे यांचं घेते. १९२१ मध्ये, संततिनियमन हा शब्द उच्चारणंही लाजिरवाणं समजलं जायचं त्या काळात, त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. त्या दोघांनी समाजाचं देणं बुडवलं, असं आज कोण म्हणेल?

हे लिहिताना मला एका गोष्टीची भीती वाटते, म्हणून स्पष्ट सांगते. ही उदाहरणं मूल नसलेल्या बाईनं बदल्यात काहीतरी थोर करून दाखवावं म्हणून दिलेली नाहीत. तुला मूल नको असेल तर त्याचा दंड म्हणून अनाथाश्रमात सेवा करायची नाहीये, की बहिणीच्या मुलांची फी भरायची नाहीये. मूल नसलेल्या पुरुषाला त्याच्या आयुष्याचा असा हिशेब कुणी मागत नाही. नागरिक म्हणून जे प्रत्येकाचं देणं आहे, तेवढंच तुझं. कर भर, मत देताना शाळा-दवाखान्यांचं बघ, तुझ्या हाताखाली काम करणारी बाई बाळंतपणाची रजा मागायला आली तर कपाळाला आठी पडू देऊ नकोस. मूल असतं तरी तुला हे करावंच लागलं असतं.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २०२१ मध्ये एक निकाल दिला. प्रदूषण कमी करण्याचं अवघड काम सगळं २०३० नंतरवर ढकललं तर आजच्या तरुणांचं स्वातंत्र्य उद्या हिरावलं जाईल, म्हणून सरकारनं कायदा सुधारावा, असं न्यायालयानं सांगितलं. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यात येणाऱ्यांचं देणं जिथं आहे तिथंच नोंदवलंय, म्हणजे राज्यकर्त्यांच्या खात्यावर.

तुझ्या मैत्रिणीला मी हेच सांगेन. तिचा जीव तुटतो ते खोटं नाही. तिनं बहुधा २०१७ मधला स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांचा आकडा कुठेतरी वाचलेला असणार: एक मूल कमी म्हणजे वर्षाला सुमारे ५८ टन कार्बनची बचत. हा आकडा येतो कुठून, ते बघ. त्यात मुलाच्या प्रदूषणाचा अर्धा वाटा आईच्या नावावर, नातवंडांचा पाव वाटा तिच्याच नावावर, आणि असंच पुढच्या पिढ्यांचं लिहीत जातात. शंभर वर्षांनी जन्मणारं माणूस कोणत्या इंधनावर जगेल, हे आज एखादी बाई ठरवू शकते का? ते ठरतं वीज कशापासून बनते, शहरं कशी बांधली जातात, कायदे काय होतात, यावरून. शिवाय लोकसंख्या हळू बदलते. आज जन्म कितीही घटले तरी येत्या वीस-तीस वर्षांत, म्हणजे हवामानासाठी जी वर्षं निर्णायक आहेत त्यांत, आकडा फारसा हलत नाही. पृथ्वीची चिंता वाटत असेल तर कोळशाच्या विरोधात उभं राहायला हवं, कुणाच्या बाळाच्या विरोधात उभं राहून काय साधणार? आणि मूल नको असण्याचं कारण म्हणून तू हवामान पुढे केलंस, तर ते उसनं कारण तुला आयुष्यभर सांभाळत बसावं लागेल. तुला ते मनापासून तसंच वाटत असेल तर गोष्ट वेगळी. पत्रावरून मला तसं वाटलं नाही.

आता तुझा स्वतःचा प्रश्न. इथं मला तुझ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती वाटते ती तुझी बहीण. तू रोज तिची ओढाताण ऐकतेस. तेव्हा हे स्वतःला विचार: तुला मूल नकोय, की तुला बहिणीचं आयुष्य नकोय? दोन्ही उत्तरं रास्त आहेत, पण ती वेगळी आहेत आणि त्यांतून निघणाऱ्या वाटाही वेगळ्या आहेत. तुझ्या बहिणीची दमछाक मुलं आहेत म्हणून होते, त्याहून जास्त ती सगळं एकटीनं करतेय म्हणून होते. माणसाचं मूल वाढवणं हे एकटीचं काम कधीच नव्हतं. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये, जे आजही शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात, क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. आईला नवं बाळ झालं की मोठ्या मुलाचं पोट भरण्यात आजीच्या कष्टांचा मोठा वाटा असतो, असं त्यांना दिसलं. माणसाच्या बाळाला इतके हात लागतात. आज ते हात नोकरीसाठी विखुरले आहेत, आणि त्यांची जागा पाळणाघरांनी, रजांनी, बापांनी घ्यायला हवी होती ती पुरेशी घेतली गेलेली नाही. स्वीडननं १९७४ मध्येच आईच्या रजेची आईबाप दोघांची रजा केली. आज तिथं ती ४८० दिवसांची आहे आणि त्यांतले ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे, दुसऱ्याला देता न येणारे. तिथलाही जन्मदर आता घसरलाय, हे खरं आहे. पण पाळणाघर आणि रजा या जन्मदर वाढवण्याच्या लालुची नाहीत. त्या असलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या हक्काच्या गोष्टी आहेत.

म्हणजे गोष्ट येते तुझ्या नवऱ्यापाशी. “तू ठरव, माझी कशालाच ना नाही” हे ऐकायला उदार वाटतं. शरीराचा शेवटचा शब्द तुझाच, हे तो मानतो, ते चांगलंच आहे. पण एवढंच म्हणून तो मोकळा झाला, आणि सासरे, मैत्रीण, डॉक्टर सगळ्यांपुढे तू एकटी उभी राहिलीस. त्याला विचार की त्याला स्वतःला बाप व्हायचंय का. ‘तुला हवं तर’ हे उत्तर चालणार नाही. व्हायचं असेल तर पहिल्या वर्षी तो कामातून किती वेळ काढणार, रात्री कोण उठणार, मूल तापानं फणफणलं की कुणाची रजा जाणार, तुझ्या कामाला झळ लागली तर त्याच्या कामालाही लागू देणार का, हे त्यानं तपशिलात सांगावं. कागदावर लिहून दिलं तर आणखी बरं, कारण लिहिताना माणूस खरा विचार करतो. आणि नको असेल, तर ‘आम्हाला नको’ असं त्याच्या तोंडून निघायला हवं. पुढे कधी दोघांचं ‘नको’ कायमचं ठरलं तर शस्त्रक्रिया त्यानं करून घ्यावी, हेही बोलून ठेवा.

त्याच्या उत्तरांनी तुझ्या मनात काही हललं, “असं असेल तर कदाचित...” असं वाटलं, तर तुला बहिणीचं आयुष्य नको होतं. त्याची सगळी उत्तरं पसंत पडूनही आतून काहीच उमटलं नाही, तर तुला मूल नकोय. मग त्याला आणखी कारण जोडायची गरज नाही.

दुसरी एक गोष्ट करून बघ. मूल म्हटलं की डोळ्यांपुढे तान्हं बाळ येतं. ते वय बघता बघता सरतं. त्याऐवजी चौदा वर्षांचं मूल डोळ्यांपुढे आण. दार आपटणारं, तुझ्याशी वाद घालणारं, तुझ्यासारखं अजिबात नसलेलं, कदाचित आजारी किंवा अपंग असलेलं. त्या माणसाला ओळखावं, त्याच्याबरोबर पंचवीस-तीस वर्षं घालवावीत, अशी ओढ वाटते का? आई होण्यात खरं तर हेच असतं. काहींना ही कल्पना करताच आतून भरून येतं. काहींना दडपून जायला होतं. दोघीही धडधाकट मनाच्या बायका आहेत.

वयाचं थोडक्यात सांगते, घाबरवायला नाही. पस्तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता कमी होत जाते आणि उतार पुढे तीव्र होतो. हवं असं ठरलं तर फार रेंगाळू नका, आणि पस्तिशी उलटल्यावर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनीही तपासणी करून घ्या, कारण अडचण पुरुषाच्या बाजूनं असण्याचं प्रमाणही भरपूर आहे. बीजांडं गोठवून ठेवायचा पर्याय आहे, पण ती खात्री नव्हे. हे माहीत असताना ‘नको’ म्हटलंस तर ते तुझं विचारपूर्वक ‘नको’ असेल.

पुढे पस्तावलीस तर? पन्नाशीत एखाद्या दिवशी हुरहूर लागेलही. आया झालेल्या बायकांनाही न जगलेल्या आयुष्याची हुरहूर लागते, फक्त त्यांना ती बोलून दाखवायची सोय नसते. ‘म्हातारपणी कोण बघेल’ म्हणून मात्र मूल होऊ देऊ नकोस. त्या लेकराच्या जन्मावरच एक नोकरी लिहून ठेवल्यासारखं होईल, आणि ते ती करू शकेल याची हमी कुणीच देत नाही. म्हातारपणासाठी पैसा, तब्येत, शेजार आणि मैत्री आतापासून जमव. मुलं असलेल्यांनाही हे लागतंच.

राहिले सासरे. त्यांना आकडेवारी सांगत बसू नकोस, आणि र. धों. कर्व्यांची गोष्ट तर मुळीच नको, वाद वाढेल. त्यांनी तुझ्याशी आवाज चढवला नाही, तूही चढवू नकोस. पण हे संभाषण तुझं नाही. ते तुझ्या नवऱ्याचे वडील आहेत, मुलानं बोलावं. “बाबा, आमचा दोघांचा विचार चालू आहे. जे ठरेल ते आम्ही तुम्हाला सांगू. तोवर हा विषय तुम्ही तिच्याकडे काढू नका, माझ्याशी बोला.” एवढं पुरे. त्यांना वाईट वाटेल. नातवंडाची आस असणं हा त्यांचा दोष नाही, आणि ती पुरवणं हे तुझं कर्तव्यही नाही. नवऱ्यानं त्यांच्या त्या वाईट वाटण्याजवळ थोडा वेळ बसावं, त्यांचं ऐकून घ्यावं. तो हे बोलत असताना तू तिथं असलंच पाहिजेस असंही काही नाही.

तुझी,
ताई